लॉस्ट मारण्याआधी: सेफ क्लस्टरमधला डेटा परत कसा आणायचा

"मॅडम, लॉस्ट मारू का?"

रविवारची पहाट, साडेतीन वाजले होते. भोसरीतल्या आमच्या सर्व्हर रूममध्ये मी आणि टीममधला सगळ्यात नवा मुलगा, दोघंच होतो. त्याचं बोट एंटरवर होतं आणि स्क्रीनवर कमांड पूर्ण टाइप झालेली होती: सेफ ओएसडी लॉस्ट १७, आणि त्यापुढे ते लांबलचक "येस आय रिअली मीन इट". मी म्हटलं, "हात काढ कीबोर्डवरून आधी." त्याने काढला. १७ नंबरच्या डिस्कवरचा डेटा गेला असं समजून पुढे चल, असं क्लस्टरला सांगणारी ही कमांड. ते एंटर दाबलं गेलं असतं, तर आमच्या गिऱ्हाइकांनी त्या रात्री चाळीस मिनिटांत जे काही लिहिलं होतं, त्यातला मोठा भाग कायमचा गेला असता.

मी नऊ वर्षं सेफ (Ceph) क्लस्टर सांभाळते आहे, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडून डेटा साठवणारी यंत्रणा. डिस्क मेल्या, नोड, म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर, बसले, एकदा एसी बंद पडून अख्खी खोली तापली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: पहिल्या बिघाडाने डेटा क्वचितच जातो. तो जातो त्यानंतर घाबरून मारलेल्या कमांडने. म्हणून हे लिहिते आहे, कारण रात्री एकट्याने क्लस्टरसमोर बसायची वेळ प्रत्येकावर येते. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये द्यायच्या.

आधी थोडक्यात रचना, कारण तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. सेफ हे सेज वाइल यांच्या सांता क्रूझ विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामातून आलं. त्यावरचा मूळ शोधनिबंध २००६ साली मांडला गेला. प्रत्येक डिस्कमागे एक ओएसडी, म्हणजे ती डिस्क सांभाळणारा प्रोग्राम, चालतो. डेटा ऑब्जेक्टच्या तुकड्यांत साठतो, ऑब्जेक्ट पीजीमध्ये, म्हणजे प्लेसमेंट ग्रुपमध्ये, गोळा होतात आणि कुठला पीजी कुठल्या ओएसडींवर जायचा हे क्रश नावाचा अल्गोरिदम गणिताने ठरवतो. मध्ये कुठे मोठं रजिस्टर ठेवलेलं नसतं. ओएसडी कोणते, ते जिवंत आहेत का, नकाशा काय, हे मॉनिटर नावाचे प्रोग्राम सांभाळतात. तुम्ही डेटा परत आणता म्हणजे खरं तर पीजी परत आणता. ऑब्जेक्ट एकेक करून शोधायची वेळ अगदी शेवटी येते.

काहीही बिघडलं की पहिली कमांड: सेफ ओएसडी सेट नोआउट. कुठलाही ओएसडी डाउन झाल्यावर सेफ मूळ सेटिंगप्रमाणे ६०० सेकंद वाट बघतं, मग त्याला आउट, म्हणजे वाटपातून बाद, करून त्याच्या वाट्याचा डेटा इतर डिस्कवर नव्याने बनवायला लागतं. एकच डिस्क मेली असेल तर हे उत्तमच. पण स्विच गेला किंवा केबल निसटली म्हणून अख्खा नोड डाउन दिसत असेल, तर दहा मिनिटांनी उगाच टेराबाइटच्या टेराबाइट डेटा हलायला लागतो आणि आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कवर आणखी बोजा पडतो. नोआउट लावलं की विचार करायला वेळ मिळतो. काम झालं की सेफ ओएसडी अनसेट नोआउट करायला विसरू नका. मी ते पांढऱ्या बोर्डवर लाल मार्करने लिहून ठेवते.

मग नुसतं वाचायचं. सेफ हेल्थ डिटेल, सेफ ओएसडी ट्री, सेफ पीजी डंप स्टक. तिन्हींचं आउटपुट वेळेसकट फाइलमध्ये जपून ठेवा. दोन तासांनी चित्र बदललेलं असतं आणि सुरुवातीला कोणते पीजी कशावर अडले होते हे आठवत नाही.

पीजीच्या पुढे लिहिलेल्या शब्दांवरून रात्र कशी जाणार ते कळतं. डिग्रेडेड किंवा अंडरसाइज्ड दिसलं तर एखादी प्रत कमी आहे, पण डेटा जागेवर आहे. चहा प्यायला जा. पीअरिंगमध्ये, म्हणजे ओएसडींनी प्रतींचा आपसात मेळ घालण्यात, बराच वेळ अडकलं असेल तर आधी नेटवर्क बघा. माझ्या अनुभवात यातली निम्मी दुखणी एखाद्या पोर्टवर एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचं सेटिंग, चुकल्यामुळे असतात: छोटे पॅकेट जातात, मोठे जात नाहीत आणि पिंग मात्र छान चालतो. इन्कन्सिस्टंट म्हणजे प्रतींमध्ये फरक सापडला. डाउन, इन्कम्प्लीट किंवा अनफाउंड दिसलं की खुर्ची पुढे ओढून बसायचं.

साधी केस आधी संपवते. एक डिस्क मेली, पूलचा (पीजींच्या गटाचा) साइज ३, म्हणजे तीन प्रती, मिन साइज २, म्हणजे निदान दोन प्रती असतील तरच लिखाण चालू, बाकी सगळं ठीक. सेफ ओएसडी आउट १७ करा, रिकव्हरी पूर्ण होऊ द्या, मग सेफ ओएसडी सेफ-टू-डिस्ट्रॉय १७ विचारा. ती हो म्हणाली तरच पुढे. सेफएडीएम हे क्लस्टर चालवायचं साधन वापरत असाल तर सेफ ऑर्क ओएसडी आरएम १७, सोबत रिप्लेस, म्हणजे तोच नंबर नव्या डिस्कला मिळतो. डिस्क खरंच गेली आहे का, हे डीमेसेजमध्ये मीडियम एरर आणि स्मार्टसीटीएलमध्ये रीॲलोकेटेड आणि करंट पेंडिंग सेक्टर बघून ठरवा. नुसत्या लाल दिव्यावर जाऊ नका; आमच्याकडे एकदा डिस्क जिथे खोचतात तो बॅकप्लेन सैल होता आणि आम्ही चांगली डिस्क फेकायला निघालो होतो.

रिकव्हरी हळू चालते म्हणून लोक वैतागतात. जुन्या आवृत्त्यांत ओएसडी मॅक्स बॅकफिल्स वाढवायचे; बॅकफिल म्हणजे पीजीचा डेटा दुसऱ्या ओएसडीवर भरणं. २०२२ च्या क्विन्सी आवृत्तीपासून कामांचा क्रम लावणारा एमक्लॉक शेड्युलर मूळ सेटिंगमध्ये आला, आणि तिथे ओएसडी एमक्लॉक प्रोफाइल बदलून हाय रिकव्हरी ऑप्स करावं लागतं. जुनं सेटिंग वाढवून काही फरक पडत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. दिवसा गिऱ्हाइकं काम करत असताना मात्र हे प्रोफाइल लावू नका.

जागेचा हिशोब रिकव्हरीच्या आधी करा. सेफला ८५ टक्क्यांवर निअरफुल, ९० वर बॅकफिलफुल आणि ९५ वर फुल लागतं. फुल लागलं की लिखाणच बंद. आता पाच सारखे नोड, प्रत्येक ७० टक्के भरलेला. एक गेला की त्याचा डेटा उरलेल्या चारांवर येतो: ७० गुणिले ५ भागिले ४, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. सरासरीच एवढी, आणि सगळ्या डिस्क कधीच समान भरत नाहीत. काही नक्की नव्वदच्या पुढे जातील, तिथे बॅकफिल थांबेल आणि रिकव्हरी अर्ध्यावर लटकेल. तीनच नोड आणि साइज ३ असेल तर वेगळाच प्रकार: एक नोड गेला की तिसरी प्रत ठेवायला जागाच नसते, क्लस्टर अंडरसाइज्ड राहतो आणि तो नोड परत आणेपर्यंत तसाच राहणार. हे बघून घाबरू नका, पण त्या काळात दुसऱ्या नोडला हातही लावू नका.

आता त्या रात्रीकडे येते.

आमच्या व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, पूलचा साइज २ होता, मिन साइज १. जागा वाचवायला कधीतरी कोणीतरी तसं ठेवलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते पाहून सोडून दिलं होतं. शनिवारी रात्री नोड ३ ची रॅम वाढवायची म्हणून नोआउट लावून नोड बंद केला. तो बंद असताना त्याच्यावरच्या पीजींची दुसरी प्रत एकटी लिखाण घेत होती; मिन साइज १ असल्यामुळे सेफने ते चालू दिलं. चाळीस मिनिटं. त्याच चाळीस मिनिटांच्या शेवटी नोड ४ मधला ओएसडी १७ पडला. चार टीबीची डिस्क, वाचताना अडखळायला लागली होती. नोड ३ परत सुरू झाला, आणि २३ पीजी डाउन.

सेफ पीजी, पीजीचा नंबर, क्वेरी. ही कमांड मोठं जेसन ओतते. त्यात शोधायचा भाग रिकव्हरी स्टेट. आमच्या प्रत्येक पीजीत पीअरिंग ब्लॉक्ड बाय च्या खाली ओएसडी १७ होता आणि शेजारी शेरा: "स्टार्टिंग ऑर मार्किंग धिस ओएसडी लॉस्ट मे लेट अस प्रोसीड". म्हणजे हा ओएसडी सुरू करा, किंवा गेला म्हणून जाहीर करा, म्हणजे कदाचित पुढे जाता येईल. सेफ इथे अगदी प्रामाणिक आहे. त्याला माहीत आहे की नोड ३ जवळची प्रत चाळीस मिनिटं जुनी आहे आणि नवं लिखाण फक्त १७ वर आहे, म्हणून ते मुद्दाम अडून बसलंय. पण पहाटे साडेतीनला, फोन वाजत असताना, डोळ्याला दुसरा पर्याय आधी दिसतो, कारण तो एका कमांडचा आहे. पहिल्या पर्यायाला डिस्क जिवंत करावी लागते. लॉस्ट मारलं की सेफ जुन्या प्रतीवर पुढे जातं, पीजी हिरवे होतात, आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत डेटाबेसचे काही तुकडे नवे, काही जुने अशी खिचडी होते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, हेच त्यातलं भयंकर आहे.

आम्ही पहिला पर्याय घेतला. ओएसडी १७ ची सर्व्हिस बंद आणि डिसेबल केली, नाहीतर ती पुन्हा पुन्हा सुरू होऊन डिस्क आणखी घासत राहते. डिस्क काढली, वेगळ्या मशीनला लावली, शेजारी तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क. क्षमता बाइटमध्ये मोजून बघा, लेबल बघून नको. नवी डिस्क थोडी मोठी चालते, एका सेक्टरनेही लहान चालत नाही. सेक्टरचा आकारही तोच हवा.

मग डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची जमेल तेवढी नक्कल करणारा प्रोग्राम. पहिली फेरी -एफ -एन देऊन, म्हणजे खराब भागाशी झटापट न करता जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं. क्रम आधी मूळ डिस्क, मग नवी, मग मॅपफाइल. हा क्रम मी त्या मुलाला मोठ्याने वाचायला लावला, सीरियल नंबरसकट, दोनदा. उलटा झाला तर कोरी डिस्क मूळ डिस्कवर लिहिली जाईल. मॅपफाइल विसरू नका: मध्ये वीज गेली तरी तिच्यामुळे काम जिथे थांबलं तिथून सुरू होतं, आणि शेवटी नेमके कोणते सेक्टर मिळाले नाहीत हे तीच सांगते. सेकंदाला १०० एमबी धरले तरी चार टीबीला अकरा तास लागतात. आम्हाला चौदा लागले. डिस्कवर छोटा टेबलफॅन सोडला होता. तिचा आवाज अजून कानात आहे: बराच वेळ एकसुरी घरघर, मग टक, टक, शांतता, आणि स्क्रीनवरचा वेग शून्यावर. अशा वेळी काही करायचं नाही. ती स्वतःच पुढे सरकते. दुसऱ्या फेरीला -डी -आर३ देऊन राहिलेल्या जागा तीन वेळा चाचपल्या. शेवटी काही शे केबी मिळाले नाहीत, बाकी सगळं आलं.

हे चालू असताना गिऱ्हाइकांना काय सांगायचं? खरं ते. "डेटा आहे, तो सुरक्षित काढतोय, संध्याकाळ होईल." पाच तासांनी माझ्यावर दबाव आला की निदान निम्मी मशीन तरी चालू करा. मी नाही म्हटलं आणि मला आजही तेच बरोबर वाटतं.

क्लोन झालेली डिस्क नोड ४ मध्ये त्याच जागी लावली. आमच्या ओएसडींचा डीबी, म्हणजे कुठे काय आहे याची नोंद, त्याच नोडमधल्या वेगळ्या एनव्हीएमई डिस्कवर होता, त्यामुळे क्लोन त्याच नोडमध्ये परत जाणं भागच होतं. मूळ आणि क्लोन एकाच मशीनमध्ये एकदम लावू नका. डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या एलव्हीएमला एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसतात आणि ते गोंधळतं. सुरू करण्याआधी सेफ-ब्लूस्टोअर-टूल एफएससीके ही तपासणी चालवली, मग सेफ-व्हॉल्यूम एलव्हीएम ॲक्टिव्हेट. ओएसडी १७ अप आला. दोन मिनिटं काहीच झालं नाही, आणि मग २३ पीजी एकेक करून पीअरिंगमधून ॲक्टिव्हवर यायला लागले. तो मुलगा मोठ्याने आकडा मोजत होता.

क्लोनवर ओएसडी उभाच राहिला नाही तर? मग पीजी एकेक करून बाहेर काढायचे. ओएसडी बंद ठेवून सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूल ला डेटा-पाथ द्या, ऑप एक्सपोर्ट, पीजीआयडी आणि फाइलचं नाव. फाइल दुसऱ्याच डिस्कवर जाऊ दे. आमच्याकडे ही वेळ वर्षभराने दुसऱ्या क्लस्टरवर आली. अशा वेळी नवा ओएसडी क्रश वेट शून्य ठेवून, म्हणजे त्याच्या वाट्याला आपोआप काही येणार नाही असा, बनवायचा, तो बंद करायचा, त्यात ऑप इम्पोर्ट ने पीजी घालायचा आणि मग सुरू करायचा. तो वर आला की सेफला ती प्रत दिसते. यानंतर, आणि यानंतरच, मेलेल्या ओएसडीला लॉस्ट म्हणायचं. आता ती कमांड निरुपद्रवी असते, कारण त्याच्याजवळचं सगळं दुसरीकडे पोचलेलं असतं. एक्सपोर्टच्या फाइल महिनाभर तरी ठेवा.

न वाचलेल्या सेक्टरचं काय झालं, हा प्रश्न उरतोच. क्लोनवर त्या जागी शून्यं असतात. ओएसडीचा डिस्कवर लिहिणारा भाग, ब्लूस्टोअर, प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतं, त्यामुळे ते शून्य खरं म्हणून वाचकाला देत नाही, एरर देतं. आम्ही डीप स्क्रब, म्हणजे सगळ्या प्रती वाचून ताडून बघणं, चालवलं, काही पीजी इन्कन्सिस्टंट निघाले. मग राडोस लिस्ट-इन्कन्सिस्टंट-ऑब्ज ने ऑब्जेक्टची नावं घेतली. नोड ३ वर धड प्रत होती तिथे सेफ पीजी रिपेअर पुरलं. रिपेअर आंधळेपणाने सगळ्यांवर मारू नका. आधी यादीत बघा की कुठल्या प्रतीला रीड एरर आहे आणि कुठली स्वच्छ आहे.

दोनच ऑब्जेक्ट असे निघाले की स्वच्छ प्रत कुठेच नव्हती. आरबीडीची इमेज, म्हणजे सेफमध्ये ठेवलेली व्हर्च्युअल मशीनची डिस्क, मूळ सेटिंगमध्ये चार एमबीच्या ऑब्जेक्टमध्ये कापलेली असते. ऑब्जेक्टचं नाव आरबीडी डेटा, मग इमेजची ओळख, मग हेक्समध्ये क्रमांक. आरबीडी इन्फो प्रत्येक इमेजचा ब्लॉक नेम प्रीफिक्स दाखवतं. त्यावरून मशीन सापडलं, आणि क्रमांकाला चार एमबीने गुणलं की त्या मशीनच्या डिस्कवरची नेमकी जागा. एक तुकडा रिकाम्या जागेत होता. दुसरा एका कारखान्याच्या जुन्या लॉग फाइलमध्ये. त्यांना फोन करून फाइलचं नाव सांगितलं. हे शोधायला तीन तास लागले आणि ते तीन तास मला पुन्हा घालवावे लागले तरी घालवीन, कारण "तुमचा थोडा डेटा खराब झाला असेल" आणि "तुमची ही एक फाइल खराब झाली आहे" या दोन फोनमध्ये समोरच्या माणसाच्या झोपेचा फरक आहे.

अनफाउंड हा याचाच भाऊ. एक ओएसडी बंद असताना दुसऱ्याने एकट्याने लिखाण घेतलं, पहिला परत आला, त्याला काय काय कमी आहे याची यादी मिळाली, आणि डेटा हलायच्या आत दुसरा पडला. आता ऑब्जेक्ट आहे हे माहीत आहे, पण आहे कुठे ते नाही. सेफ पीजी लिस्ट अनफाउंड ने यादी बघा आणि तो दुसरा ओएसडी उठवायला वरची सगळी धडपड करा. मार्क अनफाउंड लॉस्ट ला दोन वाटा आहेत: रिव्हर्ट म्हणजे जुनी प्रत परत, डिलीट म्हणजे विसरून जा. इरेजर कोडेड पूलवर, जिथे पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे आणि जोड-माहितीचे तुकडे ठेवतात, रिव्हर्ट चालत नाही. तिथे के ४ (डेटाचे तुकडे), एम २ (जोड-माहितीचे) असेल तर सहापैकी कुठलेही चार तुकडे मिळाले की डेटा पूर्ण उभा राहतो, पण तीन मिळून काहीच उभं राहत नाही. म्हणून तिसरी डिस्क अडखळायला लागली की ती वर लिहिल्याप्रमाणे क्लोन करणं हाच मार्ग.

मॉनिटर गेले तर लोकांना वाटतं सगळं संपलं. तसं नाही. तीनपैकी दोन गेले तर बहुमत जातं आणि क्लस्टर गप्प होतो. जिवंत मॉनिटर बंद करा, त्याचं स्टोअर आधी कॉपी करून ठेवा, एक्स्ट्रॅक्ट-मॉनमॅप ने नकाशा काढा, मॉनमॅपटूल ने मेलेले दोन त्यातून वगळा, इंजेक्ट-मॉनमॅप ने परत घाला. एकटा मॉनिटर बहुमत बनतो आणि क्लस्टर बोलायला लागतो. तिन्ही गेले तरी प्रत्येक ओएसडीजवळ नकाशाच्या प्रती असतात; सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूल च्या अपडेट-मॉन-डीबी ने त्या नोडनोड फिरून एका फोल्डरमध्ये गोळा करायच्या आणि सेफ-मॉनस्टोअर-टूल रीबिल्ड करायचं. ॲडमिनची कीरिंग, म्हणजे क्लस्टरची किल्ली असलेली फाइल, मात्र क्लस्टरच्या बाहेर कुठेतरी ठेवलेली हवी. मी ती छापून बंद पाकिटात ठेवते.

आणि हे सगळं करूनही प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून इमेज डिलीट केली तर ती तिन्ही ठिकाणून तितक्याच इमानाने डिलीट होते. रोज रात्री स्नॅपशॉट आणि आरबीडी एक्सपोर्ट-डिफ (फक्त बदललेला भाग) दुसऱ्या इमारतीतल्या साध्या सर्व्हरवर, आणि महिन्यातून एकदा त्यातलं एखादं मशीन खरंच उभं करून बघायचं.

रविवारी रात्री नऊला सगळे पीजी ॲक्टिव्ह प्लस क्लीन झाले. नोआउट काढलं, बोर्डवरची लाल ओळ पुसली. मूळ डिस्कवर तारीख, ओएसडी नंबर आणि "फेकू नये" अशी चिठ्ठी चिकटवून ती कपाटात ठेवली. सोमवारी डिस्कची ऑर्डर गेली, त्या आल्यावर सेफ ओएसडी पूल सेट व्हीएम साइज ३ आणि मिन साइज २. ती कमांड त्या मुलाने टाइप केली, मोठ्याने वाचली, आणि मग एंटर दाबलं. बॅकफिल चार दिवस चाललं.